स्वामी कुवलयानंद : पोटातला दाब पाऱ्याच्या नळीत मोजणारा लोणावळ्याचा योगी

पुढच्या वेळी लोणावळ्याला गेलात की एक गोष्ट करून बघा. फोनमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असेल (सगळ्या फोनमध्ये नसतो, पण बऱ्याच फोनमध्ये असतो) तर त्याचं ॲप उघडा. आकडा दिसेल ९४०च्या आसपास. मग हवामानाचं ॲप उघडा. तिथे त्याच लोणावळ्याचा हवेचा दाब दिसेल १०१०च्या आसपास. दोन्हीकडे एकक एकच, हेक्टोपास्कल. गाव तेच, वेळ तीच, तरी फरक सत्तरचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोन बिघडला असं समजून तो बंद करून परत चालू केला होता. मास कॉमची डिग्री असली की फिजिक्स दहावीतच सुटलेलं असतं, त्याचा हा परिणाम.

फोन बिघडलेला नव्हता. दोन्ही आकडे बरोबर होते. फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. हे समजून घ्यायला मला ज्या माणसाची गोष्ट कामाला आली, तो माणूस याच लोणावळ्यात राहायचा. तो हवामान खात्यातला नव्हता. तो योगी होता. आणि त्याने दाब मोजला तो आभाळातला नाही, माणसाच्या आतड्यातला.

त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक. आज योगाचे वैज्ञानिक फायदे सांगणारं रील दर दोन मिनिटांनी समोर येतं, त्या सगळ्याची सुरुवात जिथून झाली त्यातलं हे एक महत्त्वाचं ठिकाण.

डभोईचे जगन्नाथ गुणे

कुवलयानंदांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदा संस्थानातल्या डभोई गावात. घर मराठी, वडील शिक्षक, परिस्थिती बेताची. इतकी बेताची, की काही काळ या कुटुंबाला लोकांच्या मदतीवर दिवस काढावे लागले.

मुलगा मात्र हुशार निघाला, आणि तोही संस्कृतात. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवली. आज या शिष्यवृत्तीचं नाव फारसं कानावर येत नाही, पण त्या काळात ती मिळवलेला मुलगा गावात ओळखला जायचा. पुढे बडोदा कॉलेज, आणि १९१०ला पदवी.

बडोद्याची ती वर्षं साधी नव्हती. अरविंद घोष तेव्हा बडोदा कॉलेजात शिकवत होते. इकडे पुण्यात टिळकांचं राजकारण तापलेलं होतं. तरुण जगन्नाथवर दोघांचाही प्रभाव पडला आणि त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून लोकांची सेवा करायची असं ठरवलं. १९०७ ते १९१० या काळात ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शरीरसाधना शिकले. मल्लखांब, लाठी, कुस्ती यांच्या वातावरणातला हा आखाडा होता. शरीर म्हणजे घडवायची आणि तपासून बघायची गोष्ट, ही सवय त्यांना इथे लागली असावी असं मला वाटतं.

त्यानंतर ते खानदेशात अमळनेरला गेले. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्य झाले. अमळनेरची ही वर्षं मी इथे एका ओळीत संपवतोय, कारण आपली गोष्ट १९१९ला वळण घेते.

नौली बघून पडलेला प्रश्न

नर्मदेच्या काठावर मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत होते. १९१९ साली गुणे त्यांच्याकडे गेले आणि हठयोग शिकले. त्यात दोन क्रिया होत्या ज्यांनी त्यांच्या डोक्यात घर केलं, उड्डियान बंध आणि नौली.

उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, आत काही येऊ द्यायचं नाही, आणि तरीही श्वास घेतोय अशा पद्धतीने छाती फुलवायची. हवा आत येत नाही, मग छातीत जागा वाढते ती भरणार कशाने? पोट आणि छातीच्या मधला पडदा वर ओढला जातो आणि पोट खोल आत जातं. नौलीत याच अवस्थेत पोटाचे दोन उभे स्नायू आवळून दोरखंडासारखे पुढे काढायचे आणि डावी-उजवीकडे फिरवायचे. जिममध्ये हल्ली ‘स्टमक व्हॅक्यूम’ म्हणून जे करतात, ते याच कुळातलं आहे.

पण खरा कोड्यात टाकणारा प्रकार होता बस्ती. जुन्या हठयोगात बस्ती म्हणजे नाभीपर्यंत पाण्यात बसायचं, गुदद्वारात एक नळी घालायची आणि नौली करून पाणी आपोआप वर आतड्यात ओढून घ्यायचं. ना पंप, ना पिचकारी. पाणी खालून वर चढतं.

परंपरेत याचं उत्तर होतं, अपान वायूवरचा ताबा. श्रद्धा असलेल्या माणसाला ते पुरेसं होतं, आणि श्रद्धा नसलेला डॉक्टर हसून विषय सोडून देत होता. गुणे या दोन्ही गटांत बसत नव्हते. पाणी वर चढतं हे त्यांनी अनुभवलं होतं, त्यामुळे ते खोटं आहे असं ते म्हणू शकत नव्हते. आणि आखाड्यात, कॉलेजात वाढलेला माणूस असल्याने फक्त तोंडी स्पष्टीकरणावर त्यांचं समाधान होत नव्हतं.

१९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात काही विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान आणि नौलीचे प्रयोग केले. यात क्ष-किरणांचा वापर केला होता. रॉन्टगेनने क्ष-किरण शोधल्याला तेव्हा जेमतेम २५ वर्षं झाली होती, आणि इथे बडोद्यात एक संस्कृतचा पदवीधर नौली करणाऱ्याच्या पोटात काय हलतं ते त्या यंत्रातून बघत होता.

क्ष-किरणांनी एक गोष्ट दिसते, कोणता अवयव कुठे सरकला. पण पाणी वर का चढलं हे चित्रात दिसत नाही. त्यासाठी दाब मोजावा लागतो.

लोणावळा, १९२४

ऑक्टोबर १९२४ मध्ये गुणे, म्हणजे आता स्वामी कुवलयानंद, यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. कुवलय म्हणजे कमळ. गंमत म्हणजे ‘कुवलयानंद’ हे अप्पय्य दीक्षितांच्या अलंकारशास्त्रावरच्या प्रसिद्ध संस्कृत ग्रंथाचंही नाव आहे. संस्कृतच्या स्कॉलरला शोभणारंच नाव.

त्याच महिन्यात त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. योगावरचे प्रयोग छापणारं हे पहिलं नियतकालिक मानलं जातं. त्यात फक्त उपदेश नव्हता. प्रयोग कसा केला, कोणतं साधन वापरलं आणि काय दिसलं, हे त्यात छापलं जायचं. मावळातल्या एका थंड हवेच्या गावातून, आश्रमात राहणारा माणूस हे करत होता.

दाबाचा प्रयोग ऐकायला सोपा आहे. एका नळीचं एक टोक नौली करणाऱ्याच्या मोठ्या आतड्यात. दुसरं टोक पाऱ्याच्या मॅनोमीटरला जोडलेलं.

मॅनोमीटर म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, आत पारा. एक बाजू आतड्याशी जोडली, दुसरी खोलीतल्या हवेला उघडी. दोन्हीकडे दाब सारखा असेल तर दोन्ही बाजूंचा पारा एकाच पातळीला राहतो. आतड्यात दाब वाढला तर पारा उघड्या बाजूला ढकलला जातो. आतड्यात दाब कमी झाला तर खोलीतली हवा उघड्या बाजूचा पारा खाली दाबते आणि आतड्याच्या बाजूचा पारा वर चढतो.

नौली सुरू झाली की पारा आतड्याच्या बाजूला वर चढत होता. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला होता. अर्धवट का होईना, पोटात निर्वात तयार होत होतं. बस्तीचं पाणी वर जात होतं ते याच कारणाने, स्ट्रॉमधून उसाचा रस वर येतो तसंच. आपण स्ट्रॉमधून रस ओढतो असं म्हणतो, पण खरं तर आपण तोंडात दाब कमी करतो आणि बाहेरची हवा ग्लासातल्या रसाला दाबून वर पाठवते.

कुवलयानंदांनी या निर्वाताला आपल्या गुरूंचं नाव दिलं : माधवदास व्हॅक्यूम. शोध लागला की स्वतःचं नाव द्यायची पद्धत असते. यांनी गुरूचं दिलं, तेही ‘व्हॅक्यूम’ या शब्दाला जोडून. माळा जपणारा गुरू आणि पाऱ्याची नळी एकाच नावात आले.

उणे दाब म्हणजे शून्याच्याही खाली?

इथे बहुतेक लोक अडखळतात. मीही अडखळलो होतो. मॅनोमीटरवर असा आकडा उणे चिन्हाने लिहितात. समजा तो उणे ४० मिलिमीटर पारा आहे. (हा आकडा मी फक्त हिशेबासाठी घेतलाय.) मग पोटात हवेचा दाब शून्याच्याही खाली गेला का?

नाही. शून्याच्या खाली दाब इथे जाऊच शकत नाही. हा उणे ४० म्हणजे खोलीतल्या हवेपेक्षा ४० ने कमी. शून्य कुठे धरलंय, ते महत्त्वाचं.

बॅरोमीटर आणि मॅनोमीटर यांतला फरक हाच आहे. बॅरोमीटरमध्ये पाऱ्याच्या नळीचं वरचं टोक बंद असतं आणि त्यात जवळजवळ काहीच नसतं. टोरिचेलीने १६४३-४४ मध्ये इटलीत असा प्रयोग केला, तेव्हापासूनची ही रचना. हवा पाऱ्याला दाबते, वरून विरोध करायला कोणी नाही, त्यामुळे बॅरोमीटर खऱ्या शून्यापासून मोजतो. समुद्रसपाटीला तो सरासरी ७६० मिलिमीटर दाखवतो. मॅनोमीटरची दुसरी बाजू मात्र उघडी असते, त्याचं शून्य म्हणजे त्या खोलीतली त्या दिवशीची हवा.

हे शून्य आपण रोज वापरतो, फक्त लक्षात येत नाही. डॉक्टर बीपी १२० बाय ८० सांगतात, ते मिलिमीटर पाऱ्यात आणि बाहेरच्या हवेच्या तुलनेत असतं. खरा दाब हवा असेल तर त्यात हवेचे ७६० मिळवा. पेट्रोल पंपावर टायरमध्ये ३२ पीएसआय भरतात, तेही तसंच. पंक्चर टायर शून्य दाखवतो, पण त्यात हवा नसते असं नाही, बाहेरइतक्याच दाबाची हवा असते, समुद्रसपाटीला साधारण १४.७ पीएसआय.

आता लोणावळ्याचा हिशेब. गाव समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या वर आहे. तिथे बॅरोमीटर ७६० नाही, साधारण ७०६ मिलिमीटर दाखवतो. आतड्यातला फरक उणे ४० असेल तर आतला खरा दाब झाला ७०६ वजा ४०, म्हणजे ६६६ मिलिमीटर. हाच माणूस हीच नौली बडोद्यात करेल तर? बडोदा जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे, तिथे बॅरोमीटर ७५६च्या आसपास. ७५६ वजा ४०, म्हणजे ७१६.

दोन्हीकडे मॅनोमीटर उणे ४०च म्हणतो, कारण स्नायूंनी केलेलं काम तेवढंच आहे. पण खऱ्या शून्यापासून मोजलं तर दोन आकड्यांत ५०चा फरक. एक प्रयोग बडोद्याचा आणि एक लोणावळ्याचा शेजारी ठेवायचा असेल, तर आकडा कोणत्या शून्यापासूनचा आहे हे लिहावंच लागतं. नाहीतर कोणीतरी म्हणणार, लोणावळ्याच्या हवेत योग जास्त चालतो. (असे दावे करणारी रील मी पाहिली आहेत.)

यातून एक मर्यादाही कळते. लोणावळ्यात सगळी हवा मिळून ७०६ मिलिमीटरच आहे. त्यामुळे कितीही सिद्ध योगी असला तरी तिथे उणे ७०६ पेक्षा जास्त निर्वात होऊ शकत नाही. उणे ८०० असा दावा कोणी केला, तर त्याने एकक तरी चुकवलंय किंवा नळी तरी.

मिलिमीटर, पास्कल आणि बाकीची मंडळी

दाब म्हणजे एका ठरावीक जागेवर पडणारा जोर. मग तो मिलिमीटरमध्ये, म्हणजे लांबीत कसा मोजतात? हा प्रश्न मला शाळेत पडला होता आणि विचारायची हिंमत झाली नव्हती.

उत्तर सरळ आहे. मिलिमीटर पारा म्हणजे तेवढ्या उंचीचा पाऱ्याचा खांब आपल्या तळावर जेवढा दाब टाकतो तेवढा दाब. खांब जाड असो की बारीक, उंची तीच असेल तर तळावरचा दाब तोच. म्हणून उंची सांगितली की काम भागतं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. त्यामुळे ४० मिलिमीटर पारा म्हणजे ५४४ मिलिमीटर पाणी, साधारण अर्धा मीटर. नाभीपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाच्या आतड्यात पाणी चढायला हे पुरेसं आहे हे तुम्हीच ताडून बघा. आतड्यात काय घडतंय हे एका आकड्यावरून असं समजतं, तेव्हा एककाचा उपयोग कळतो.

ज्यांच्या नावाने हवामानातलं एकक आहे त्या पास्कलचंही लोणावळ्याशी मिळतंजुळतं प्रकरण आहे. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने आपल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोरां पेरिए यांना, पाऱ्याची नळी घेऊन प्वी द डोम नावाच्या डोंगरावर पाठवलं. वर जाईल तसा पारा उतरत गेला. हवेला वजन आहे आणि उंचावर वरची हवा कमी असते, हे त्या दिवशी दिसलं. आज हा प्रयोग कर्जत ते लोणावळा लोकलने नाही तरी एक्स्प्रेसने करता येतो. बोरघाटात गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त चढते, आणि तेवढ्यात फोनवरचा आकडा साठेक हेक्टोपास्कलने खाली येतो. मुंबईहून आणलेलं वेफर्सचं पाकीट लोणावळ्यात टम्म फुगलेलं दिसतं ते यामुळेच.

एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३.३ पास्कल. हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्कल, जुन्या पुस्तकांत त्यालाच मिलिबार म्हणायचे, दोन्ही अगदी सारखे. मिलिमीटरचे हेक्टोपास्कल करायचे तर ४ ने गुणा आणि ३ ने भागा. ७०६ चे ९४१ होतात. फोनने दाखवलेला आकडा हाच.

मग हवामानाचं ॲप १०१० का सांगतं? कारण हवामान खात्याला वेगवेगळ्या उंचीवरची गावं एका नकाशावर ठेवायची असतात. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात केंद्राचा दाब ९८४ हेक्टोपास्कलच्या आसपास होता. लोणावळ्यात मात्र लख्ख उन्हातही ९४० असतो. हे आकडे तसेच नकाशावर टाकले तर रोज लोणावळ्यावर महाचक्रीवादळ दिसेल. म्हणून हवामानवाले प्रत्येक ठिकाणचा दाब, ते ठिकाण समुद्रसपाटीला असतं तर किती असता, असा हिशेब करून सांगतात. बातम्यांमधला ‘कमी दाबाचा पट्टा’ या हिशेबानंतरचा असतो. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकाला त्याचंच नाव आहे. म्हणजे ज्या काळात कुवलयानंद लोणावळ्यात माणसाच्या पोटातला दाब मोजत होते, त्याच काळात साठ-पासष्ट किलोमीटरवर अख्ख्या देशाच्या आभाळातला दाब एका जागी जमा व्हायला लागला होता.

पाऱ्याच्या नळीच्या खोड्याही असतात. ‘यू’ नळीत एका बाजूचा पारा २० ने खाली गेला तर दुसऱ्या बाजूला २० ने वर जातो, फरक ४०चा. नवशिका एकच बाजू वाचतो आणि निम्मा आकडा लिहितो. शिवाय पारा उन्हाने फुगतो. २५ अंश तापमानाला बॅरोमीटर सुमारे ३ मिलिमीटर जास्त दाखवतो, तेवढे वजा करावे लागतात. असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरच प्रयोगाची लाज राखली जाते.

आकडा मिळाला, पुढे?

कुवलयानंदांबद्दल मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे येते. आतड्यात निर्वात होतं हे दाखवणं एक, आणि त्याने रोग बरे होतात हे दाखवणं वेगळं. पारा फक्त पहिली गोष्ट सांगतो. प्रयोगात सहभागी होणारे लोकही मोजकेच, नौली येणारा माणूस शोधून काढावा लागतो. त्यामुळे या एका प्रयोगावरून हजारो रुग्णांबद्दल बोलता येत नाही.

योगाबद्दल त्यांना प्रेम होतं हे उघड आहे, आणि उपचारावर त्यांनी पुढे खूप कामही केलं. त्यांच्या मांडणीत आजच्या कसोटीला न टिकणाऱ्या गोष्टीही सापडतील. पण प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, हा तेव्हाही लोकप्रिय असलेला समज त्यांनी उचलून धरला नाही. प्राणायामाचं मोल त्यात नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. स्वतःच्या बाजूचा, लोकांना आवडणारा दावा सोडून द्यायला धाडस लागतं. शंभर वर्षांनंतर आपण अजूनही ‘सकाळी खोल श्वास घ्या, ऑक्सिजन वाढवा’ फॉरवर्ड करतोय.

श्वासाच्या प्रयोगांतही बॅरोमीटर लागतोच. लोणावळ्यात पिशवीत जमा केलेली १०० लिटर हवा समुद्रसपाटीच्या दाबाला, तापमान तेच धरलं तर, फक्त ९३ लिटर भरते. ७०६ भागिले ७६०, हिशेब एवढाच. तो न करता लोणावळ्याचा आकडा लंडनच्या आकड्याशी ताडला, तर सात टक्क्यांची चूक आधीच झालेली असते.

आश्रमातून बाहेर

पुढची वर्षं वेगाने गेली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. नेहरू कुटुंबाशी त्यांचा संबंध आला. १९३१ मध्ये त्यांची ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तकं इंग्रजीत आली. येल विद्यापीठात शिकणारे कोवूर बेहनन लोणावळ्यात येऊन राहिले, त्यांच्याकडे योग शिकले आणि १९३७ मध्ये योगाची वैज्ञानिक तपासणी करणारं पुस्तक त्यांनी लिहिलं. मुंबईत चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हला १९३६ मध्ये ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभं राहिलं. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. शाळेच्या मैदानात शिट्टीवर केलेली सामूहिक योगासनं आठवतात का? त्या पद्धतीमागे असलेल्या माणसांत हेही एक.

१९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचं कॉलेज सुरू झालं, १९६१ मध्ये योगोपचाराचं रुग्णालय. १९६३ मध्ये डॉ. विनेकर यांच्यासोबत त्यांनी योगोपचारावर पुस्तक लिहिलं, ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केलं. ज्या विषयावर चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर हसत होते, त्यावरचं पुस्तक आता सरकार छापत होतं.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद गेले. वय ८२.

जाता जाता एक सूचना, कारण हे वाचून कोणीतरी आजच आरशासमोर उभं राहणार आहे. उड्डियान आणि नौली रिकाम्या पोटी आणि शिकवणाऱ्यासमोरच करायच्या क्रिया आहेत. बीपी, हृदयविकार, हर्निया, अल्सर असेल किंवा गरोदरपण असेल तर करू नका. पोटातला दाब खाली-वर होणं ही फक्त म्हणायची गोष्ट नाही, ते मोजून झालेलं आहे.

कैवल्यधाम आजही लोणावळ्यात आहे. ‘योगमीमांसा’ आजही निघतं. २०२४ मध्ये दोघांनाही शंभर वर्षं झाली.